रंग भरता भरता

प्रस्तावना



लहानपणी चित्राच्या चौकटीत रंग भरण्याचा आनंद तुमच्यापैकी बहुतेकांनी घेतला असेल. रेषेबाहेर गेलेला खडू, बोटांना लागलेला रंग आणि चित्र पूर्ण झाल्यावर ते घरभर दाखवत फिरणे, या आठवणी सहसा पुसल्या जात नाहीत. आज बालवाडीत जाणाऱ्या मुलांच्या दप्तरात अशी रंगवायची चित्रे हमखास आढळतात. इंग्रजी शिकवण्यासाठीही त्यांचा उपयोग केला जातो. परंतु चित्र रंगवल्याने लहान मुलाला इंग्रजी येते का? येत असेल, तर ते नेमके कशामुळे येते? प्रस्तुत पाठात चेन्नई शहराच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार केला आहे. तुमच्यापैकी काही जण स्वतः आईवडील असतील, काही अंगणवाडीत काम करत असतील, तर काही घरातील धाकट्या भावंडांचा अभ्यास घेत असतील. या सर्वांना हा पाठ उपयोगी पडेल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही :
• रंग भरणे आणि भाषा शिकणे यांतील संबंध स्पष्ट करू शकाल.
• नवा शब्द शिकवण्याच्या तीन पायऱ्या उदाहरणासह सांगू शकाल.
• लहान मुलांसाठी चित्र निवडताना कोणता विचार करावा, हे सांगू शकाल.
• मराठीतील विकारी व अविकारी रंगवाचक विशेषणे ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. आठ कागद आणि एक शब्द

नोकरीनिमित्त चेन्नईच्या अंबत्तूर भागात येऊन राहिलेल्या एका मराठी कुटुंबाची कल्पना करा. वडील कारखान्यात कामाला, आई घर सांभाळून मुक्त विद्यालयातून दहावीचा अभ्यास करणारी आणि मुलगी चार वर्षांची. मुलीच्या शाळेतून दर शुक्रवारी एक कागद घरी येतो. त्यावर ठळक काळ्या रेषांत कधी सफरचंद, कधी चेंडू, कधी मासा काढलेला असतो. खाली सूचना असते : रंग भरून आणा. मुलगी खडूंची पेटी उघडते आणि वीस मिनिटे मान वर न करता रंग भरते. सोमवारी कागद शाळेत जातो, त्यावर चांदणी मिळते आणि तो परत येतो. आई तो कौतुकाने कपाटाच्या दारावर चिकटवते. दोन महिन्यांत दारावर असे आठ कागद जमतात. एके दिवशी आई सहज सफरचंदावर बोट ठेवून विचारते, "याला इंग्रजीत काय म्हणतात गं?" मुलगी क्षणभर विचार करते आणि सांगते, "होमवर्क."

हे उत्तर हसून सोडून देण्यासारखे नाही. खरे पाहता मुलीने चूक केलेलीच नाही. आठ कागद रंगवताना जो एक इंग्रजी शब्द तिने पुन्हा पुन्हा आणि अर्थासह ऐकला, तोच तिला आला. 'चला, होमवर्क करा', 'होमवर्क झालं का?' असे घरातले सर्व जण म्हणत होते. 'अ‍ॅपल' हा शब्द मात्र कागदावर छापलेला असूनही तिच्या कानावर कोणी घातला नव्हता. तिला अजून वाचता येत नव्हते. म्हणजे तिच्या दृष्टीने तो शब्द तेथे नव्हताच.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रंग भरल्याने हाताला वळण लागते, लक्ष एकाग्र होते, मन रमते. परंतु भाषा येत नाही. रंग भरताना जे बोलणे होते, त्या बोलण्यातून भाषा येते. चित्र हे त्या बोलण्याचे केवळ निमित्त होय.

आईच्या मनात मात्र दुसरीच शंका उभी राहते : "मलाच कुठे इंग्रजी येते? मी तिच्याशी काय बोलणार?" या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी आपण अंबत्तूरहून त्याच शहरातील अड्यार येथे आणि सुमारे ८५ वर्षे मागे जाऊ या.

२. अड्यारचा वर्ग

नोव्हेंबर १९३९ मध्ये इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) आपले पुत्र मारिओ यांच्यासह त्या काळच्या मद्रास शहरात आल्या. थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल आणि त्यांच्या पत्नी, 'कलाक्षेत्र' या संस्थेच्या संस्थापक रुक्मिणीदेवी यांनी त्यांना निमंत्रण दिले होते. अड्यार येथे बालशिक्षकांसाठी वर्ग भरला आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून शिक्षक त्यासाठी आले. माँटेसरी इटालियन भाषेत बोलत आणि मारिओ त्यांचे बोलणे इंग्रजीत सांगत. पुढे महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि १९४६ पर्यंत त्या भारतातच राहिल्या.

महाराष्ट्राला माँटेसरींचे विचार नवे नव्हते. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे काम करताना ते आत्मसात केले होते आणि १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या द्वारे त्यांचा प्रसार केला होता. पुढे बोर्डी व कोसबाड येथे त्यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने हे शिक्षण आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेले. महागडी साधने नसली तरी पाने, शंख, बिया आणि माती यांतूनही मूल शिकते, हे त्यांनी दाखवून दिले.

माँटेसरींच्या पद्धतीत रंग भरण्याला निश्चित स्थान आहे. धातूची एक चौकट आणि तिच्यात बसणारा वर्तुळ, त्रिकोण यांसारखा आकार मुलाला दिला जातो. मूल रंगीत पेन्सिलीने आकाराची कड गिरवते आणि मग आतला भाग रेषांनी भरते. या कृतीचा हेतू लेखनासाठी हात तयार करणे हा असतो. रंगांची नावे शिकवण्यासाठी मात्र त्या वेगळी रीत वापरतात. सेगाँ या फ्रेंच वैद्याकडून घेतलेल्या या रीतीला तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी नाव सांगण्याची. लाल आणि निळी अशा दोनच पट्ट्या मुलासमोर ठेवून 'ही लाल', 'ही निळी' एवढेच सांगायचे. दुसरी पायरी ओळखण्याची. 'लाल दे', 'निळी दाखव' असे म्हणायचे आणि मुलाने ती उचलून द्यायची. तिसरी पायरी आठवून सांगण्याची. एक पट्टी दाखवून 'ही कोणती?' असे विचारायचे. दुसऱ्या पायरीवर मूल चुकले, तर त्याला रागवायचे नाही आणि लगेच सुधारायचेही नाही. तो शब्द त्या दिवशी बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करायची.

आपल्या घरी आणि शाळेत बहुधा उलटे घडते. पहिली पायरी घाईत उरकली जाते, दुसरी वगळली जाते आणि 'हे काय? हे काय?' अशी तिसऱ्या पायरीची सरबत्ती सुरू होते. मूल गप्प होते आणि आपण म्हणतो, 'याला काही येत नाही.'

३. खडूंची पेटी कोणाच्या हातात?

आता अंबत्तूरच्या आईकडे परत येऊ. तिला करायचा आहे तो बदल फार लहान आहे. खडूंची पेटी मुलीच्या हातात न देता तिने ती आपल्या मांडीवर ठेवायची. पहिल्या दिवशी फक्त दोन खडू बाहेर काढायचे आणि 'रेड', 'यलो' असे म्हणून मुलीच्या हातात द्यायचे. दुसऱ्या दिवशी 'गिव्ह मी रेड' असे म्हणून हात पुढे करायचा. काही दिवसांनी मुलगी स्वतःच 'रेड, प्लीज' म्हणून खडू मागू लागते. न मागता मिळणाऱ्या वस्तूचे नाव लक्षात ठेवण्याचे मुलाला कारण नसते. मागून मिळणाऱ्या वस्तूचे नाव त्याला आपोआप हवे होते. मात्र पेटी आपल्याकडे ठेवणे हा खेळ आहे, अडवणूक नव्हे. मुलगी मराठीत 'लाल दे' म्हणाली, तरी खडू द्यायचाच आणि देताना हसून 'रेड' म्हणायचे.

मूल बोलण्याआधी बराच काळ ऐकत असते. आपल्या मातृभाषेतही ते वर्षभर ऐकते आणि मग पहिला शब्द उच्चारते. दुसऱ्या भाषेसाठीही त्याला असा अवधी द्यावा लागतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात याच तत्त्वावर एक अध्यापनपद्धती मांडली. शिक्षकाने सूचना द्यायची आणि विद्यार्थ्याने बोलण्याऐवजी कृतीने उत्तर द्यायचे, हे तिचे सूत्र आहे. 'कलर द बोट ब्लू' असे ऐकून मुलाने होडी निळी केली, तर त्याला तीनही मुख्य शब्द समजले याचा पुरावा कागदावरच मिळतो. त्यासाठी त्याला तोंड उघडण्याची सक्ती करावी लागत नाही.

एवढ्यासाठी आईला किती इंग्रजी लागते? सहा रंगांची नावे, चित्रातील तीन-चार वस्तूंची नावे आणि 'गिव्ह मी', 'कलर इट', 'व्हॉट कलर?' अशा दोन-तीन लहान रचना. पंधरा शब्दही पुरतात. ते तिने मुलीबरोबर शिकले तरी काही बिघडत नाही.

पाठगत प्रश्न – १
(अ) मुलीला 'होमवर्क' हाच शब्द का आला?
(आ) तीन पायऱ्यांपैकी कोणती पायरी बहुधा वगळली जाते?
(इ) खडूंची पेटी आईने आपल्याकडे का ठेवावी?

४. वर्गातील चाळीस मुले

घरी आई आणि मूल असे दोघेच असतात. वर्गात तीस-चाळीस मुले असतात, तेथे हे कसे साधावे? या प्रश्नाला चेन्नईतील महानगरपालिकेच्या शाळांनी दिलेले उत्तर लक्षात घेण्यासारखे आहे. २००३ मध्ये तेथील काही शाळांत कृतियुक्त अध्ययनाची पद्धत सुरू झाली. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथील ग्रामीण शाळांच्या अनुभवावर ती आधारलेली होती. अभ्यासक्रम लहान लहान पायऱ्यांत विभागून प्रत्येक पायरीसाठी चित्रांची कार्डे तयार केली गेली. मुले चटयांवर गट करून बसत, भिंतीवर त्यांच्या हाताच्या उंचीला फळे असत आणि प्रत्येक मूल आपल्या गतीने पुढे जाई. शिक्षक खुर्ची सोडून मुलांमध्ये जमिनीवर बसत. २००७-०८ पर्यंत ही पद्धत तमिळनाडूच्या शासकीय प्राथमिक शाळांत सर्वत्र पोहोचली. पुढे पद्धती बदलल्या. २०२२ मध्ये राज्याने 'एण्णुम एळुत्तुम', म्हणजे 'अंक आणि अक्षर', हा कार्यक्रम सुरू केला आणि त्यात तमिळ व गणित यांच्या जोडीला इंग्रजीचाही समावेश केला.

या प्रयत्नांतून घेण्यासारखा धडा असा की, शिक्षक मुलाजवळ बसला तर बोलणे घडते. रंगकामाच्या तासाला मुले गप्प बसतात म्हणून तो विश्रांतीचा तास मानू नये. पाच मुलांच्या गटात खडूंची एकच पेटी ठेवली, तर मुलांना एकमेकांकडे रंग मागावे लागतात. शिक्षिका एका गटाजवळून दुसऱ्या गटाजवळ जाते, दोन वाक्ये बोलते, एक प्रश्न विचारते आणि पुढे सरकते. शेवटी प्रत्येक जण आपले चित्र उंच धरून 'माय फिश इज ऑरेंज' एवढे वाक्य म्हणतो. सर्वांचे मासे एकाच रंगाचे नसावेत, कारण सारखे असले की सांगण्यासारखे काही उरत नाही.

५. चित्र कोणाचे?

चित्राची निवडही विचारपूर्वक करावी लागते. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी चित्र मोठे, रेषा जाड आणि वस्तू मोजक्या असाव्यात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ती वस्तू मुलाच्या पाहण्यातील असावी. बर्फाचा माणूस रंगवताना चेन्नईच्या मुलाला सांगण्यासारखे काय असणार? त्या कागदावर बर्फाचा रंगही पांढराच! याउलट पिवळी ऑटोरिक्षा, मरीना किनाऱ्यावरील लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे दीपगृह, केळीचे पान, आंबा यांविषयी त्याला खूप बोलायचे असते.

किनाऱ्यावरील मच्छीमारांची पारंपरिक नाव चित्रासाठी विशेष योग्य आहे. लाकडाचे ओंडके दोरीने एकत्र बांधून ती तयार करतात. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. म्हणून ती 'कट्टुमरम'. याच शब्दावरून इंग्रजीत 'कॅटमरॅन' हा शब्द आला. 'मँगो' हा शब्दही दक्षिणेतील 'मांगा' या शब्दावरून पोर्तुगिजांच्या मार्फत इंग्रजीत गेला. म्हणजे मूल जो परका शब्द शिकत आहे, तो कधीकाळी त्याच किनाऱ्यावरून निघालेला असू शकतो.

चौकटीत रंग भरण्यावर आक्षेपही घेतले गेले आहेत. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रंगवायच्या पुस्तकांवर टीका केली. दुसऱ्याने काढलेल्या रेषांत रंग भरत राहिल्याने मुलाचा स्वतःच्या रेषेवरील विश्वास कमी होतो, असे त्यांचे मत होते. हा आक्षेप दुर्लक्ष करण्यासारखा नाही. म्हणून रंगवलेल्या होडीभोवती मुलाला स्वतःचे काही काढू द्यावे : एखादा मासा, सूर्य किंवा आजोबा. त्या नव्या वस्तूचे नाव मूल स्वतःहून विचारते आणि विचारून मिळालेला शब्द अधिक टिकतो. तसेच मुलाने जांभळा आंबा रंगवला, तर 'चुकले' म्हणू नये. 'अ पर्पल मँगो!' असे आश्चर्याने म्हणावे. त्याला रंगाचे नावही मिळते आणि गंमतही वाटते.

६. तीन भाषांचे अंगण

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. तेव्हापासून अनेक घरांत एक भीती रुजली आहे : इंग्रजी यायचे असेल तर घरात मराठी बोलणे कमी करावे. ही भीती निराधार आहे. मुलाला एका भाषेत कळलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत नव्याने समजावी लागत नाही. तिचे केवळ नाव शिकावे लागते. 'पिवळा' म्हणजे काय हे ज्याला मराठीत पक्के ठाऊक आहे, त्याला 'यलो' शिकायला थोडे दिवस पुरतात.

अंबत्तूरच्या त्या घराशेजारी एक तमिळ आजी राहतात. मुलगी त्यांना 'पाट्टी' म्हणते. पाट्टी रोज पहाटे दारात तांदळाच्या पिठीने कोलम काढतात. आधी ठिपके, मग ठिपक्यांना वळसा घालणारी रेषा. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीची ही जणू बहीणच. मार्गळी महिन्यात कोलममध्ये रंग भरले जातात. मुलगी शेजारी उकिडवी बसून ठिपके मोजते. पाट्टी पिवळा रंग उचलून 'मंजळ' म्हणतात. तमिळमध्ये हळदीलाही मंजळच म्हणतात. आई दारातून म्हणते, "बघ, हळदीसारखा पिवळा." मुलगी दोघींकडे पाहते आणि म्हणते, "यलो!"

तिने कोणाची चूक काढलेली नसते. एकाच रंगाची तीन नावे असतात, हे तिला कळलेले असते. त्या दिवशी ती कागदावर आपल्या मनाने एक मोठा ठिपका काढते, तो पिवळा करते आणि आईला सांगते, "धिस इज पाट्टीज कोलम." कपाटाच्या दारावर आता नववा कागद लागतो. त्यावर चांदणी नाही. पण त्याविषयी मुलीला बोलता येते.

पाठगत प्रश्न – २
(अ) 'कॅटमरॅन' हा इंग्रजी शब्द कोणत्या शब्दावरून आला?
(आ) लोवेनफेल्ड यांचा आक्षेप कोणता होता?
(इ) योग्य पर्याय निवडा : नवव्या कागदाचे महत्त्व (i) त्यावर चांदणी होती (ii) मुलीला त्याविषयी बोलता आले (iii) तो शाळेने दिला होता.

भाषाभ्यास : रंगवाचक विशेषणे

पुढील शब्दसमूह वाचा : हिरवा पोपट, हिरवी कैरी, हिरवे पान. येथे नामाच्या लिंगाप्रमाणे विशेषणाचे रूप बदलले आहे. अशा विशेषणास विकारी विशेषण म्हणतात. आता हे पाहा : लाल चेंडू, लाल टोपी, लाल फूल. येथे 'लाल' हे रूप बदललेले नाही. ते अविकारी विशेषण होय. गुलाबी, नारिंगी, तपकिरी ही विशेषणेही अविकारी आहेत. इंग्रजीत मात्र 'ग्रीन पॅरट', 'ग्रीन मँगो', 'ग्रीन लीफ' असे रंगवाचक विशेषणाचे रूप कायम राहते. म्हणून मराठी मुलाला इंग्रजीतील रंग वाक्यात वापरणे सोपे जाते.

शब्दार्थ

निमित्त – कारण, प्रसंग
आत्मसात करणे – पूर्णपणे आपलेसे करणे
सरबत्ती – एकामागून एक होणारा मारा
अवधी – मुदत, वेळ
कृतियुक्त – प्रत्यक्ष कृतीवर आधारलेले
आक्षेप – हरकत
निराधार – आधार नसलेली

आपण काय शिकलो?

• रंग भरल्याने हात तयार होतो. भाषा मात्र रंग भरताना होणाऱ्या संवादातून येते.
• सांगणे, ओळखणे आणि आठवून सांगणे या क्रमाने नवा शब्द शिकवावा.
• मुलाला ऐकण्यासाठी पुरेसा अवधी द्यावा. प्रारंभी कृतीने दिलेले उत्तरही पुरेसे मानावे.
• चित्र मुलाच्या अनुभवातील असावे आणि त्यात त्याला स्वतःची भर घालू द्यावी.
• मातृभाषा ही दुसरी भाषा शिकण्यातील अडचण नसून तिचा पाया आहे.

स्वाध्याय

१. 'चित्र हे बोलण्याचे केवळ निमित्त होय' या विधानाचे आठ-दहा ओळींत स्पष्टीकरण करा.
२. अड्यार येथील वर्गाची माहिती थोडक्यात लिहा.
३. तुमच्या गावातील किंवा शहरातील मुलांसाठी रंगवण्याजोगी पाच चित्रे सुचवा आणि प्रत्येकाच्या निवडीचे कारण लिहा.
४. 'घरात मराठी बोलल्याने इंग्रजी मागे पडते' असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यास तुमचे मत पटवून देणारा संवाद लिहा.
५. निळा, जांभळा, गुलाबी, पांढरा यांपैकी विकारी विशेषणे ओळखून त्यांची तीनही लिंगांतील रूपे लिहा.
६. उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या लहान मुलाबरोबर आठवडाभर रोज पंधरा मिनिटे रंगकाम करा. मुलाने स्वतःहून उच्चारलेले इंग्रजी शब्द दिनांकासह नोंदवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) तो शब्द तिने पुन्हा पुन्हा व अर्थासह ऐकला होता. (आ) दुसरी, म्हणजे ओळखण्याची. (इ) रंगाचे नाव घेऊन खडू मागण्याची मुलीला गरज वाटावी म्हणून.
२. (अ) 'कट्टुमरम' या तमिळ शब्दावरून. (आ) दुसऱ्याच्या रेषांत रंग भरत राहिल्याने मुलाचा स्वतःच्या रेषेवरील विश्वास कमी होतो. (इ) (ii).